घोड्यांसाठी ट्रेलर घ्यावा की टेंपो बांधून घ्यावा?

प्रश्न शिरूर तालुक्यातल्या एका तरुण अश्वपालकाचा आहे. घरी दोन मारवाडी घोड्या. थोरली साठ इंच उंचीची, धाकटी अठ्ठावन्न. वर्षातून सात-आठ वेळा ने-आण : अकलूजचा बाजार, सारंगखेड्याची यात्रा, मधेमधे पुण्याच्या आसपासच्या स्पर्धा. आजवर भाड्याची पिकअप वापरली. गेल्या वेळी उतरताना धाकटीचा पाय घसरला, तेव्हापासून गाडी दिसली की ती जागची हलत नाही. दारात स्कॉर्पिओ आहे. एकाने परदेशी बनावटीचा, दोन घोड्यांचा जुना ट्रेलर देऊ केलाय. गावातला बॉडीवाला म्हणतो, चौदा फुटी टेंपो घ्या, मी बांधून देतो. तर काय करावं?

आधी उत्तर सांगून टाकतो. तुमच्या कामासाठी टेंपोच घ्या, पण बॉडीवाला ज्या पद्धतीने बांधून देईल तसा नाही. ट्रेलर वाईट नसतो. तो तुमच्या रस्त्याला, तुमच्या गाडीला आणि दोन घोड्यांच्या वजनाला बसत नाही. एकच घोडी असती आणि शिरूर-पुण्याच्या पलीकडे जायचं नसतं, तर मी कदाचित उलटं सांगितलं असतं.

मी या धंद्यात पडलो तो रेसच्या घोड्यांबरोबर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, म्हणून. पुण्याचा पावसाळी हंगाम ऑक्टोबरात आटोपला की घोडे बोरघाट उतरून मुंबईला महालक्ष्मीला, आणि उन्हाळा संपता संपता पुन्हा वर. आम्ही मागे घोड्यांजवळ बसायचो. चालकाने वळण कसं घेतलं हे आम्हाला काचेतून दिसत नसे, घोड्याच्या पायांवरून कळायचं. माझं सगळं शिक्षण त्या मागच्या भागात झालं, म्हणून गाडी निवडताना मी इंजिनापासून सुरुवात करत नाही. पायापासून आणि मानेपासून करतो.

माणूस गाडीत बसतो, घोडा उभा असतो. साडेतीनशे-चारशे किलोंचं जनावर चार टापांवर आणि त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर. चालकाने ब्रेक दाबला की उरलेलंही पुढे येतं. मग घोडा काय करतो? पाय फाकवतो, मान खाली घेतो, इकडेतिकडे हलवतो. डोंबारी दोरीवर काठी धरतो ना, घोड्याची मान म्हणजे ती काठी. आता आपल्याकडची पद्धत आठवा : मोरखीच्या (घोड्याच्या तोंडाला बांधलेल्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंनी दोर आवळून तोंड वर बांधायचं आणि दोन घोड्यांमध्ये तळापर्यंत पत्रा ठोकायचा. काठीही काढून घेतली आणि पाय फाकवायला जागाही ठेवली नाही. असा घोडा प्रत्येक वळणाला पाय झाडतो, आणि मालक म्हणतो, 'जनावर तापट आहे.'

मान वर बांधण्याचा दुसरा तोटा दोन दिवसांनी कळतो. घोडा चरताना तासन् तास तोंड खाली ठेवतो, त्याने श्वासनलिकेतली धूळ आणि शेंबूड बाहेर पडत राहतो. दहा-बारा तास तोंड वर अडकून राहिलं की ती सगळी घाण आत सरकते. घरी पोचल्यावर घोडा चंदी (दाण्याचा खुराक) सोडतो, अंग तापतं, खोकला लागतो; वेळेत उपचार झाले नाहीत तर छातीत पाणी होतं. रेसकोर्सवरचे डॉक्टर याला शिपिंग फीव्हर म्हणतात. सारंगखेडा तुम्हाला धुळे-दोंडाईचामार्गे रात्रभराचं आहे. तेव्हा हा धोका तुमचाच आहे, कुण्या परदेशी घोड्याचा नाही.

उघड्या पिकअपबद्दल फार लिहीत नाही. घोड्याचं डोकं केबिनच्या वर येतं, समोरची धूळ आणि किडे थेट डोळ्यात, बाभळीच्या फांद्या आणि गावातल्या लोंबत्या तारा कपाळाच्या उंचीवर. तुम्ही सोडताय ते बरंच आहे.

आता ट्रेलर. त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तळ जमिनीपासून जेमतेम दीड फूट. पाच फुटी फळी टाकली तरी चढ सतरा-अठरा अंशांचा, घोडी जवळपास चालत चालत आत जाते. टेंपोचा हौदा सव्वातीन फुटांवर. तिथे साडेसात फुटी फळीचा चढ पंचवीस अंशांच्या पुढे जातो. तुमच्या धाकटीसारख्या बुजलेल्या घोडीला हा फरक फार मोठा आहे, आणि म्हणूनच ट्रेलरचा मोह मला समजतो.

पण हिशेब मांडा. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर हजार किलोंच्या घरात, लोखंडी असला तर त्याहून जड. दोन घोड्या आठशे. पाणी, वैरण, सामान शंभर. झाले एकोणीसशे. ओढणारी स्कॉर्पिओ स्वतः दोन टनांच्या आसपास. म्हणजे शेपूट अंगाएवढं. त्यातही हे सिमेंटच्या पोत्यांसारखं गप्प बसणारं वजन नव्हे. ते पाच फुटांवर आहे, जिवंत आहे आणि माशी बसली तरी हलतं. सपाट रस्त्यावर स्कॉर्पिओ हे आरामात ओढेल, त्याबद्दल शंका नाही. ओढण्याचं कौतुक सगळेच करतात. अवघड असतं ते थांबवणं. पुण्याकडून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट उतरून पुढे समोर अचानक ऊसाची ट्रॉली आली, तर मागचे एकोणीसशे किलो तुमच्या ब्रेकचं ऐकतील का, हा खरा प्रश्न.

युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तिथल्या ट्रेलरचे ब्रेक दाबावर चालतात : पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेटतो, त्या रेट्याने सळई आत जाते आणि ब्रेक लागतात. साधी, हुशार व्यवस्था. पण लांब उतारावर हा रेटा सतत चालू राहतो आणि ड्रम तापतात. अमेरिकी ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात, त्यासाठी ओढणाऱ्या गाडीत वेगळा कंट्रोलर बसवावा लागतो. तो नसेल तर ट्रेलरला ब्रेक आहेत हे फक्त कागदावर. तुम्हाला देऊ केलेला कुठल्या बनावटीचा आहे ते आधी विचारा, कारण ट्रेलर गाडीला जोडायच्या आकड्याच्या गोळ्यातही फरक आहे. युरोपात तो ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत दोन इंची किंवा दोन पूर्णांक पाच सोळांश इंची. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, 'चालतंय की' म्हणावंसं वाटतं. नाही चालत. बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात सुटतो. सुटलाच तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक तार असते, ती जाग्यावर आहे का आणि ओढून बघितल्यावर काम करते का, हेही तपासा.

अमेरिकी ट्रेलरची आणखी एक गोम. तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून माणसाच्या ये-जा करण्याचं दार बहुधा उजव्या अंगाला, रस्त्याच्या कडेकडे. आपल्याकडे ते उघडतं भर वाहतुकीत. टायर पंक्चर झालं, घोडी आत धडपडतेय आणि तुम्ही दार उघडून उतरताय ते ट्रकच्या लायनीत. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचा असेल तर ही अडचण नाही.

तरीही जुना ट्रेलर बघायला जाणारच असाल, तर जाताना एक पेचकस आणि बॅटरी घेऊन जा. मालक रंग दाखवेल, तुम्ही आतली रबरी मॅट उचला. ती उचलायला तो कुरकुरला तर तिथूनच परत या. घोड्याच्या मुतापासून अमोनिया तयार होतो. तो मॅटखाली साचतो, लाकूड कुजवतो, ॲल्युमिनियम खातो. लाकडी फळीत पेचकस टोचून बघा, पाव इंच आत गेला तर फळी मेलेली आहे. मग उताणे होऊन खालून बघा. आडव्या पट्ट्या आणि जोड गंजलेत का? चालत्या गाडीत तळ फुटून घोड्याचा पाय रस्त्याला लागणं यापेक्षा वाईट काही मी या धंद्यात ऐकलेलं नाही, आणि तेही चालकाला पुढे कळत नाही. टायरवर नक्षी शाबूत दिसेल, कारण ट्रेलर वर्षातले तीनशे दिवस उभाच असतो. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपलीकडचं टायर मी घोड्याखाली ठेवत नाही, नवं कोरं दिसलं तरी. आणि नोंदणी. ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. पैसे देण्याआधी कागद घेऊन आरटीओत जाऊन या, नंतर नव्हे.

एकच घोडी दोन घोड्यांच्या ट्रेलरमधून न्यायची वेळ आली तर तिला उजव्या कप्प्यात, म्हणजे चालकाच्या बाजूला उभी करा. दोघी असतील तर जड ती उजवीकडे. आपले रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात. वजन डावीकडे पडलं की ट्रेलर साइडपट्टीकडे ओढत राहतो.

आता टेंपोकडे येऊ, कारण तुमचे पैसे तिथे जाणार आहेत.

बॉडीवाला पहिला सल्ला देईल तो 'जरा मोठी चॅसी घ्या साहेब, दणकट असते' असा. तिथेच चुकतं. मालवाहू गाडीचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) चार-पाच टनांसाठी बसवलेले असतात. त्यावर मिळून आठशे किलोंच्या दोन घोड्या चढवल्या तर गाडीच्या लेखी ती रिकामीच. रिकामा ट्रक खड्ड्यावरून कसा आदळतो ते तुम्ही रोज बघता. तुमच्या वजनाला पुरेल तेवढीच चॅसी घ्या, त्याहून मोठी नको. आणि घोड्या हौद्याच्या पुढच्या भागात, मागच्या चाकांच्या अलीकडे उभ्या राहतील अशी आखणी करा. मागच्या आसाच्या पलीकडचा भाग सर्वांत जास्त उडतो. एसटीत शेवटच्या बाकावर बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तिथे वैरण, पाण्याचे कॅन, खरारा, खोगीर ठेवा.

गाडी पसंत करण्याआधी एक करा. शेतातल्या आपल्या खाजगी रस्त्यावर, कुणाला तरी चालवायला बसवून, हौद्यात स्वतः उभे राहा. काही धरायचं नाही. ब्रेक, वळण, खड्डा, सगळं घ्यायला सांगा. दहा मिनिटांत तुम्हाला पाटे, तळ आणि चालक तिन्ही कळतील.

आखणी तिरपी करा. म्हणजे घोडी गाडीच्या लांबीला पंचेचाळीस अंशात उभी, तोंड डावीकडे पुढे. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत घोड्यांसाठी वेगळा भाग आहे, त्यात मालवाहू गाडीतल्या घोड्यांची तोंडं डावीकडे, शेजारून जाणाऱ्या वाहतुकीपासून दूर असावीत असं म्हटलंय. ज्याने ते लिहिलं त्याला घोडा कळत होता. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आणि कर्णा थेट तोंडावर आले की शहाणं जनावरही बुजतं. पण साडेसहा फूट रुंदीच्या हौद्यात साठ इंची घोडी पूर्ण आडवी उभी केली तर मान दुमडते. तिरपी केली की कर्ण सव्वानऊ फुटांचा मिळतो आणि मान मोकळी राहते. दुसरं कारण माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं : मोठ्या हौद्यात न बांधता सोडलेला घोडा बहुतेक वेळा आपणहून तिरपाच उभा राहतो. ब्रेकचा धक्का मग एका जोडीवर न येता चारही पायांत वाटला जातो. मात्र तुम्ही पुढे कधी सहासष्ट इंची घोडा आणलात, तर हा कप्पा त्याला आखूड पडेल.

जागेचाही आकडा ठरलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-ई सांगतो की जनावरं नेणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे हवेत, प्रत्येक जनावर स्वतंत्र कप्प्यात, आणि घोड्याला किमान २.२५ चौरस मीटर. म्हणजे चोवीस चौरस फुटांहून जरा जास्त. वर सांगितलेल्या तिरप्या आखणीत लांबीची साडेचार-साडेचार फूट एका घोडीला दिलीत, तर हे आरामात बसतं आणि मागे सामानाला जागाही उरते. पाहुण्याची तिसरी घोडी 'एवढ्यातच घालू' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणायला शिका. मला ते शिकायला बरीच वर्षं लागली.

कप्प्यांमधला अडसर तळापर्यंत नको. तळापासून दोन-सव्वादोन फूट मोकळं ठेवा म्हणजे पाय फाकवता येतील, वर मात्र मानेच्या उंचीपर्यंत असू द्या म्हणजे एकमेकींना चावणार नाहीत. १९७८ च्या नियमांत दर दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचे बांबू आणि मागे दोन दणकट आडव्या फळ्या सांगितल्यात. बांबूला हसू नका. तो लवतो, लोखंडी पाइप लवत नाही. पाइप लावलात तर त्यावर जुनी ट्यूब किंवा गोणपाट घट्ट गुंडाळा. आणि फटी बघा! टाप जाईल पण परत येणार नाही अशी तीन ते सहा इंचांची फट हौद्यात कुठेही राहता कामा नये. फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराजवळ, तर नाहीच.

हे फाळक्याचं मी अनुभवावरून सांगतोय. एका यात्रेत परतीच्या वेळी अंधारात, घाईत, आम्ही टेंपो मातीच्या बांधाला लावला. बांध आणि फाळका यांच्यात वीतभर अंतर राहिलं. घोडी चढताना मागचा पाय त्यात गेला, ती दचकून पुढे उडाली आणि गुडघ्याखालची कातडी मोज्यासारखी सोलून निघाली. हाड वाचलं, पण चार महिने ती तबेल्यात नुसती उभी राहिली आणि पुढे कधीच टेंपोत नीट चढली नाही. चूक चालकाची नव्हती, माझी होती, कारण मागे मीच उभा होतो. त्यानंतर बांधाला गाडी लावायची झाली तर मी आधी त्या फटीवर फळी टाकतो, मग त्यावर स्वतः दोनदा उड्या मारतो, मग घोडा आणतो.

फळीबद्दल : फाळकाच फळी म्हणून खाली येईल असा करून घ्या, साडेसात फुटी, आतून आडव्या पट्ट्या फूटभर अंतरावर, त्यावर काथ्याची जाड चटई खिळे बुडवून बसवलेली. चकचकीत चेकर प्लेट ओली झाली की बर्फ होते, लोकांना ती उगीचच आवडते. फळी पोकळ वाजता कामा नये. टाप पडताच ढोलासारखा आवाज आला की निम्मे घोडे मागे फिरतात. दोन्ही बाजूंना आडोसे हवेत. फाळका उचलायला स्प्रिंग लावा, नाहीतर दर वेळी चार माणसं लागतील आणि एक दिवस कुणाची तरी बोटं जातील. चढ कमी करायला साधी युक्ती आहे, मागची चाकं खोलगट जागेत घ्या. घरी तर मुरमाचा सव्वातीन फुटी धक्का बांधूनच टाका, पंधरा फूट लांब उताराचा. एका ट्रॉलीचं काम नाही, पण दोन-तीन दिवसांत होतं.

तळाला जाड रबरी मॅट, पण ती तळाला घट्ट जखडलेली. सुटी मॅट लिदीवर आणि मुतावर सरकते. बोरघाटात एकदा उतारावर अशीच मॅट सरकली आणि एक शिंगरू गुडघ्यांवर आलं होतं. त्यावर थोडा भुसा किंवा उसाचं पाचट टाका, ओलं शोषून घ्यायला. प्रवासानंतर मॅट उचलून खालचा तळ धुऊन वाळवा, तोच ट्रेलरचा नियम इथेही.

उंची आतून सात फूट कमीत कमी, साडेसात असेल तर उत्तम. छप्पर हवंच. नुसती ताडपत्री नको, पत्र्याखाली लाकूड किंवा थर्माकोलचा थर द्या, नाहीतर एप्रिलात आत भट्टी होते. हवा डोक्याच्या वरून, दोन्ही बाजूंच्या झरोक्यांतून खेळली पाहिजे, घोड्याच्या डोळ्यांवर झोताने यायला नको. गाडी उभी असताना आत शिरून नाक लावा : मुताचा उग्र वास डोळ्यांना झोंबला तर घोडा तो रात्रभर हुंगतोय. आतला रंग पांढरा किंवा फिका ठेवा. घोडा अंधाऱ्या गुहेत शिरायला नाखूष असतो, त्यात नवल काही नाही. छतात एक मंद दिवा, आणि डाव्या अंगाला पुढे, घोड्यांच्या तोंडाशी, मोतद्दाराला ये-जा करायला छोटं दार. हे दार बॉडीवाला विसरतो. आठवण करा.

कागद : निघण्याआधी पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो, आणि यात्रा-स्पर्धांना ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा निगेटिव्ह अहवाल मागतात. ग्लँडर्स माणसालाही होतो, तेव्हा ते 'ऊगाच लचांड' नाही. गाभण घोडी किंवा शिंगरू इतरांबरोबर कोंबू नका, हेही १९७८ च्याच नियमांत आहे. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको. हायवेवर मागचे कर्णे वाजवतील. वाजवू द्या.

चढवताना क्रम चुकवू नका. घोडी आत, मग मागचा अडसर, आणि त्यानंतरच दोर बांधायचा. उतरवताना आधी दोर सोडायचा, मग अडसर. आपल्याकडे उलटं करतात, आधी बांधतात. मागे मोकळं दिसलं की घोडी मागे ओढते, मोरखी ताणली जाते, ती घाबरून आणखी ओढते आणि शेवटी मोरखी तुटते किंवा मान दुखावते. दोर थेट कडीला नको. कडीला सुतळीची एक वळी बांधा आणि दोर त्या वळीत, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने. संकटात सुतळी तुटावी, घोडी नव्हे. दोराची लांबी एवढी की तोंड खांद्याच्या खाली येईल पण पाय त्यात अडकणार नाही.

निघण्याआधी चंदी निम्मी करा. हलत्या गाडीत भरल्या पोटाने पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकता येत नाही हे लक्षात ठेवा. वैरण द्या, पण पाण्यात भिजवून, धूळ बसवून. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवा, इंजिन बंद, दोर सैल, तोंड खाली जाऊ द्या, पाणी दाखवा. परक्या गावचं पाणी घोडी हुंगून सोडते, म्हणून निघण्याच्या चार दिवस आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ घाला. मग वाटेत कुठलंही पाणी गूळ घातलं की घरचंच लागतं. आठ तासांपेक्षा लांबचा पल्ला असेल तर मधे उतरवून फिरवा. उन्हाळ्यात रात्रीच निघा. घरी पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर डॉक्टरला बोलवा, 'थकली असेल' म्हणू नका. गुंगीचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने कधीही नाही, गुंगीतला घोडा तोल सांभाळू शकत नाही. पायाला पट्ट्या नीट बांधता येत नसतील तर बांधू नका, सुटलेली पट्टी पायात अडकते.

(माउलींचे अश्व दरवर्षी अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात. त्यांच्या मोतद्दारांना यातलं काहीच करावं लागत नाही, याचा मला कधीकधी हेवा वाटतो.)

आता धाकटी. गाडी कितीही चांगली घेतलीत तरी ती पहिल्याच दिवशी चढणार नाही, आणि यात्रेच्या आदल्या रात्री तिला चार माणसांनी मागून रेटून चढवलंत, तर पुढची दोन वर्षं ती विसरणार नाही. नवी गाडी आली की ती धक्क्याला लावून पंधरा दिवस तशीच उभी ठेवा. पहिले दोन दिवस घोडीला फक्त गाडीशेजारी चंदीचा तोबरा लावा. मग फळीच्या पायथ्याशी. मग पुढचे दोन पाय फळीवर, तिथेच थोडी लसूणघास, आणि तिने मागे घेतले तर घेऊ द्या. थोरलीला आधी आत उभी करा, ती शांतपणे खाताना हिला दिसू द्या. चाबूक घरात ठेवा. ज्या दिवशी ती चारही पायांनी आत गेली त्या दिवशी अडसर लावू नका, खाऊ द्या आणि बाहेर काढा. तीन-चार दिवस असंच. त्यानंतर अडसर, त्यानंतर इंजिन चालू करून नुसती उभी, त्यानंतर गावाच्या वेशीपर्यंत एक फेरी आणि परत. उतरताना ती घसरली होती, म्हणून उतरण्यावर जास्त वेळ द्या : फळीवर काथ्या ओला नाही ना बघा, तिला मान खाली घालून फळी बघू द्या, आणि तुम्ही तिच्या पुढे नाही तर खांद्याशेजारी चाला. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला असते. म्हणजे गाडी दिवाळीच्या आत दारात यायला हवी, हे बॉडीवाल्याला आजच सांगा. तो म्हणेल त्यात महिना मिळवून धरा.